जड शरीर आणि व्यायामाचा पहिला महिना

डोणगावात व्यायाम म्हटला की पोलीस भरतीची तयारी करणारी मुले डोळ्यांसमोर येतात. पहाटे रस्त्याच्या कडेने धावायचे, मग मोकळ्या जागेत दंड-बैठका. अशा घोळक्यात एखादा चाळिशीतला जड अंगाचा गृहस्थ किंवा एखादी स्थूल विद्यार्थिनी आली, तर चार दिवसांनी ती व्यक्ती दिसेनाशी होते. प्रस्तुत लेख अशा बंधू-भगिनींसाठी आहे. ज्यांना एका दमात पन्नास दंड येतात त्यांनीही तो वाचावा; कारण हसणारे बहुधा तेच असतात.

प्रस्तुत लेखकाचे वजन एके काळी ९६ किलो होते. शहरातील एका वर्गात पहिल्याच दिवशी तीस बैठका काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. दंडाच्या वेळी शिक्षक सर्वांदेखत म्हणाले, "पोट घरी ठेवून येत जा." त्यानंतर तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. आपण दुबळे आहोत, अशी माझी खात्री झाली होती. ही समजूत चूक होती, आणि ती गणिताने दाखविता येते.

दंड मारताना तळहातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग येतो. ५४ किलोच्या मुलाला म्हणून ३६ किलो रेटावे लागतात. ९६ किलोच्या माणसाला ६४. त्या मुलाच्या अंगावर ४२ किलोचे ओझे बांधले, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून थोडेसेच कमी, तर त्याचे किती दंड होतील? बैठकीत तर जवळजवळ सगळेच वजन मांड्या-गुडघ्यांवर येते. स्थूल माणसाला दंड येत नाही तो आळसामुळे नव्हे. त्याच्यासमोरचे काम मुळातच मोठे असते.

तेव्हा उपाय काम लहान करण्याचा. हात जितके उंच टेकवावे तितका भार कमी होतो. विहाराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंतीला रेटा देणे, ही पहिली पायरी. भगिनींना हे साडी नेसूनही करता येते. दुसरी पायरी स्वयंपाकाच्या ओट्याची, तिसरी भक्कम बाकाची. त्यानंतर जमिनीवर गुडघे टेकून. यात भार निम्म्याच्या आसपास राहतो. शेवटी पूर्ण दंड. एका पायरीवर आठ-आठच्या तीन फेऱ्या सहज होऊ लागल्या की बारापर्यंत न्यावे, मगच खाली उतरावे. एका पायरीवर महिना गेला तरी बिघडत नाही. बैठकीऐवजी भिंतीला टेकविलेल्या खुर्चीवर बसावे आणि हात न लावता उठावे. उड्या पहिले काही महिने नकोत. साध्या चालण्यातही प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दाब येतो. उडीत तो आणखी वाढतो. श्वास कोंडून जोर लावू नये, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. छातीत दुखले, चक्कर आली, तर तेथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

या ठिकाणी विद्यार्थ्यांना सोण कोळिवीसाची कथा आठवेल. अत्यंत लाडात वाढलेला, तळपायही कोमल असा हा श्रेष्ठिपुत्र भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात इतके चंक्रमण करू लागला की त्याचे पाय फुटून रक्त वाहू लागले. हे आपल्याला जमणार नाही, घरी परतावे, असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला. फार ताणलेली तार वाजत नाही आणि सैल सोडलेलीही नाही. हा दाखला सर्वांना माहीत असतो. त्यापुढची गोष्ट मात्र थोड्यांना ठाऊक असते. विनयपिटकाच्या महावग्गात, याच प्रसंगानंतर भिक्खूंना पादत्राणाची अनुमती मिळाल्याचे सांगितले आहे. नुसता उपदेश झाला नाही, पायांचीही सोय झाली. आपल्यातील मधुमेहींनी हे ध्यानात घ्यावे. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, खडा रुतला तरी कळत नाही, आणि लहानशी जखम चिघळते. त्यांनी अनवाणी व्यायाम करू नये.

आहाराविषयी संयुत्त निकायातील कोसलनरेश पसेनदीचा प्रसंग पुरेसा आहे. राजा द्रोणभर भात खाई आणि धापा टाकीत भगवंतांकडे येई. भोजनात मात्रा जाणण्याविषयीची गाथा ऐकून त्याने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखविण्यासाठी त्याला शंभर कार्षापण देऊ केले. (द्रोण आणि डोणगाव यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण त्याला आधार नाही.) राजा एकदम उपाशी राहिला नाही. क्रमाक्रमाने कमी करीत तो नाळीभर भातावर आला, असे सुत्त सांगते. आपल्याकडे हे काम घरातल्या माणसाने, न हिणवता, करावे.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. त्याच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली. विदर्भाला हा वारसा आहे. पण प्रात्यक्षिकात तयार झालेली शरीरे दिसतात, त्यांचा पहिला महिना दिसत नाही. म्हणून वर्ग चालविणाऱ्या तरुणांना विनंती आहे की, नवीन माणसाला रांगेत पुढे उभे करू नये आणि त्याचे वजन मोठ्याने वाचू नये. भिंतीजवळची जागा त्याला द्यावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग मध्यम समजावा.

सोयाबीनच्या सोंगणीत वर्ग बुडतोच. परत आल्यावर एक पायरी वर, म्हणजे सोप्याकडे, जाऊन सुरुवात करावी.

मी वहीत वजन लिहिणे सोडून दिले आणि फक्त पायरी व संख्या लिहू लागलो. भिंतीवर पाच आठवडे गेले, ओट्यावर सात. जमिनीवरचा पहिला पूर्ण दंड सातव्या महिन्यात झाला. दुसऱ्याला आणखी नऊ दिवस लागले.