पावसाळी बाईक टूर : ॲक्सेसरीज घ्यायच्या कशा, तपासायच्या कशा?

पाऊस सुरू झाला की डोंबिवली-कल्याणच्या कॉलेज पब्लिकला माळशेजचे वेध लागतात. शनिवारी रात्री प्लॅन ठरतो आणि रविवारी पहाटे पत्रीपूल, शहाड, म्हारळ, मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत गाड्या घाटाला लागतात. जाऊन-येऊन जवळजवळ २०० किलोमीटर होतात. पाऊस, धुकं, खड्डे, चिखल, मागे पिलियन आणि त्याची सॅक हे सगळं सोबत असतंच.

या ट्रिपच्या आधी प्रत्येकाला खरेदीचा ताप चढतो. कुणी फॉग लाइट बसवतो, कुणी सॅडल बॅग आणतो, कुणी टायर चमकवायचं पॉलिश घेतो. बजेट मात्र ठरलेलं असतं, कारण आपण सगळे पॉकेटमनीवाले! म्हणून या लेखात ‘कुठला ब्रँड बेस्ट’ हे सांगणार नाही. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत. वस्तू नेमकं काय काम करते आणि ते काम ती खरंच करते का, हे घरच्या घरी कसं तपासायचं, ते पाहूया. लागणारं साहित्य म्हणजे एक बादली, थोडं पाणी आणि सेकंड इयरचं मेकॅनिक्स.

१. आधी टायर, मग बाकी सगळं

गाडी आणि रस्ता यांचा संबंध फक्त दोन ठिकाणी येतो, आणि ती प्रत्येक जागा साधारण आपल्या तळहाताएवढी असते. ब्रेक कितीही भारी असला तरी गाडी थांबवतो तो शेवटी टायरच.

एक सोपं गणित करूया. ब्रेक लावल्यावर लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षण गुणांक × g). वेग ताशी ६० किमी, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या रस्त्यासाठी गुणांक ०.८ धरला तर उत्तर येतं साधारण १८ मीटर. ओल्या, गुळगुळीत रस्त्यासाठी ०.४ धरला तर ३५ मीटर. शिवाय समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी १७ मीटर. म्हणजे एकूण ५२ मीटर! घाटात धुक्यामध्ये कधी कधी २० मीटरवरचंही दिसत नाही. आता तुम्हीच ठरवा, तिथे किती वेगाने जायचं ते.

दुसरी गोष्ट हवेची. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक सूत्र मांडलं. टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हा टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ताशी किलोमीटरमध्ये लिहिलं तर तो साधारण १६.७ गुणिले दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ. २८ पीएसआयला हा वेग येतो ८८, पण हवा १८ वर आली की ७१. मोटरसायकलचा टायर गोल असतो, तो पाणी बाजूला सारतो, त्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दिशा मात्र तीच आहे : हवा कमी असेल तर पाण्यावरची पकड लवकर सुटते.

म्हणून माझ्या यादीत पहिली ॲक्सेसरी आहे खिशात मावणारा प्रेशर गेज. सकाळी, टायर थंड असताना दाब मोजायचा. पिलियन असेल तर मागच्या टायरला किती हवा हवी हे चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. नक्षीची खोली दुचाकीसाठी कायद्याने किमान ०.८ मिलिमीटर लागते, पण ती शेवटची पायरी झाली. टायरच्या खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात (बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं), त्यांच्या जवळ रबर आलं असेल तर नवीन बॅग नको, नवीन टायर घ्या.

आणि ते टायर चमकवायचं पॉलिश? त्यातलं बरंचसं सिलिकॉन तेलावर आधारलेलं असतं. टायरच्या बाजूला लावलं तर फक्त शोभा. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लागलं तर पहिल्याच वळणावर गाडी आडवी. टूरच्या आधी हे लावूच नका.

२. हेल्मेट : शिक्का आणि पट्टा

आपल्याकडे हेल्मेटचं मानक आहे आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला मिळणाऱ्या हेल्मेटवरही शिक्का असतोच, कारण स्टिकर छापणं सोपं! खऱ्या शिक्क्याजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

नंतर फिटिंग. पट्टा लावा, पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोनच बोटं जायला हवीत. मग मित्राला सांगा, हेल्मेट मागच्या बाजूने धरून वर आणि पुढे ओढ. निघून आलं तर ते अपघातातही निघणार. डोकं हलवल्यावर गाल सोबत हलले पाहिजेत, हेल्मेट एकटं फिरता कामा नये.

आतलं पांढरं थर्मोकोलसारखं अस्तर हेच खरं हेल्मेट. ते चेपून आघात शोषून घेतं आणि एकदा चेपलं की पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बाद समजायचं. पेट्रोल, थिनर यांनी ते अस्तर विरघळतं. काच बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटची असते, तिलाही थिनर आणि अमोनियावाले काच-क्लीनर चालत नाहीत, बारीक तडे जातात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.

३. काचेवरचं धुकं

आपला श्वास उष्ण आणि दमट, बाहेर गार वारा. वाफ काचेवर बारीक थेंबांच्या रूपात बसते आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. अँटी-फॉग स्प्रे वाफ थांबवत नाही. तो पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे थेंबांऐवजी सलग पातळ थर बनतो आणि त्यातून आरपार दिसतं. भांडी घासायचं लिक्विडही हेच करतं.

प्रयोग असा : काचेच्या आतल्या बाजूला मधोमध उभी चिकटपट्टी लावा. डाव्या अर्ध्या भागावर विकतचा स्प्रे. उजव्या भागावर लिक्विडचा एक थेंब चोळून, सुकवून, मऊ फडक्याने हलका पुसून घ्या. आता गरम पाण्याच्या पातेल्यावर धरा. आम्ही हॉस्टेलच्या किचनमध्ये हे केलं तेव्हा सुरुवातीला दोन्ही भाग स्वच्छ राहिले. फरक नंतर दिसला. दोन-तीनदा वाफ देऊन पुसल्यावर साबणाचा परिणाम आधी संपला. म्हणजे दिवसभराच्या टूरला साबण चालेल, पण छोट्या बाटलीत थोडं सोबत न्या. रात्री मात्र काळी काच नको, कितीही स्टायलिश असली तरी.

४. चेन : सगळ्यात दुर्लक्षित पार्ट

(मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘ल्युब्रिकंट’ला मराठीत ‘वंगण’ म्हणतात हे मला मानपाडा रोडच्या एका गॅरेजवाल्या काकांकडून कळलं. शब्द एवढा आवडला की आता तोच वापरते.)

उघड्या चेनवर पावसात काय होतं? पाणी वंगण धुऊन काढतं, चिखलातली बारीक वाळू पिन आणि बुशमध्ये शिरते, आणि चेन झिजून ‘लांब’ होते. पण वंगण उडतं ते फक्त पाण्यामुळे नाही. समजा पुढे १४ दात, मागे ४२ दात, चेनची पिच १२.७ मिलिमीटर आणि चाकाचा परीघ १.९ मीटर. ताशी ६० ला चेन सेकंदाला सुमारे ४.७ मीटर धावते. पुढच्या छोट्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम २८ मिलिमीटर. v²/r काढलं तर उत्तर येतं गुरुत्वाकर्षणाच्या ७५ ते ८० पट! तेलाचा प्रत्येक थेंब इतक्या जोराने बाहेर फेकला जातो.

आम्ही काकांकडून जुन्या चेनचे तुकडे मागून आणले, रॉकेलने साफ केले आणि वेगवेगळी वंगणं लावून बादलीत बुचकळून टांगून ठेवले. जे दिसलं ते असं :

• जुनं काळं इंजिन ऑइल – फुकट मिळतं, पण पाण्यात सहज निघून गेलं. त्यात कार्बन आणि धातूचे कण असतातच, म्हणजे झीज आपण स्वतःच वाढवतो.
• ९० नंबरचं गिअर ऑइल – घट्ट असल्याने टिकलं. स्वस्त आणि मस्त. पण जास्त लावलं तर चाकावर उडतं आणि धूळ धरतं, म्हणून नंतर फडक्याने पुसायचं.
• चेन स्प्रे – आत शिरताना पातळ असतो, द्रावक उडून गेल्यावर चिकट होतो. पाण्यात सगळ्यात चांगला टिकला. महाग आहे, पण नेणं सोपं.
• डब्ल्यूडी-४० – हे मुळात १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी बनवलं गेलं. ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी दूर सारणे, आणि ४० हा प्रयोगाचा क्रमांक. ओली चेन साफ करायला उत्तम, पण नंतर खरं वंगण लागतंच. त्याच कंपनीचं चेनसाठीचं वंगण वेगळं मिळतं.

वंगण लावायची वेळ महत्त्वाची. घरी आल्यावर, चेन कोमट असताना लावा आणि रात्रभर राहू द्या, निघताना घाईत नको. चाक हाताने फिरवायचं, इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. स्प्रे मारताना चेनच्या मागे पुठ्ठा धरा, म्हणजे टायर आणि डिस्कवर तुषार जाणार नाहीत. बहुतेक मॅन्युअल ५०० किलोमीटरला वंगण सांगतात, पण माळशेजच्या पावसातून आल्यावर आकडा बघू नका, लगेच लावा. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश टाळा, रबराच्या रिंगा खराब होतात.

५. रेनकोट आणि सामान

रेनकोटच्या लेबलवर कधी कधी ‘५००० मिमी’ असं असतं. म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सहन करतं. आता ताशी ६० ने पावसात जाताना अर्धा × घनता × वेगाचा वर्ग हा दाब काढा. उत्तर जवळजवळ १४ मीटर पाण्याएवढं येतं! थेंबाचा आघात क्षणभरच असतो, म्हणून कापड लगेच हार मानत नाही. पण रस्त्यावर उभं राहून कोरडा राहणारा रेनकोट बाईकवर का गळतो, याचं कारण यात आहे. पाणी बहुधा कापडातून नाही, शिलाईतून येतं.

तपासणी सोपी आहे. पँट उलटी करून बाथरूममध्ये टांगा आणि बसायच्या जागी दोन तांबे पाणी ओता. दहा मिनिटांत मधल्या शिलाईतून थेंब दिसले तर आतून टेप लावलेली दुसरी बघा. पोंचो टाइपचा रेनकोट मात्र बाईकवर नकोच. वाऱ्याने फुगतो आणि टोक चेनमध्ये किंवा चाकात जाऊ शकतं. हीच गोष्ट पिलियनच्या ओढणीची आणि लोंबत्या बंजी दोरीच्या हुकाची.

सामान शक्यतो सीटच्या मध्याकडे आणि खाली. १५ किलोची बॅग मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे बांधली आणि व्हीलबेस १.३ मीटर असेल, तर पुढच्या चाकावरचा भार साडेतीन किलोने कमी होतो. चढणीवर तो आणखी हलका होतो, आणि वळायचं काम तर पुढच्या चाकाचंच! सॅडल बॅग दोन्ही बाजूंना सारख्या भरा आणि सायलेन्सरपासून दूर ठेवा.

६. एक्स्ट्रा लाइट

२० वॅटचे दोन एलईडी म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टला तीन अँपिअरच्या वर. हे मूळ वायरिंगला पीळ मारून जोडायचं नाही. रिले आणि फ्यूज हवाच. रोख खाली ठेवा. धुक्यात वर मारलेला झोत परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोरच्या एसटी ड्रायव्हरला आंधळं करतो. असल्या भपक्यापेक्षा मागचा ब्रेक लाइट नीट लागतो ना, हे रोज बघणं जास्त उपयोगाचं.

पैसे कमी असतील तर क्रम असा

१. टायर, ब्रेक शू किंवा पॅड आणि हवा
२. खरं आयएसआय हेल्मेट, पिलियनसाठीसुद्धा
३. चेनचं वंगण आणि ताण (बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते, मॅन्युअल बघा)
४. स्वच्छ काच आणि अँटी-फॉग
५. टेप लावलेला रेनकोट
६. बॅग, लाइट, मोबाइल होल्डर वगैरे

गंमत बघा, दुकानात सगळ्यात पुढे मांडलेल्या वस्तू या यादीत सगळ्यात शेवटी येतात. आणि पहिल्या चार गोष्टींपैकी दोन जवळजवळ फुकटात होतात.

शेवटचं एक. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात आणि धबधब्यांजवळ जायला जिल्हा प्रशासन अनेकदा मनाई आदेश काढतं. निघण्याआधी चौकशी करा. रस्ता बंद असेल तर ट्रिप पुढच्या रविवारी. माळशेज कुठे पळून जात नाही. आणि घरी आईला परतायची वेळ खरी सांगा, अंधाराआधीची!

हॅपी रायडिंग!

– टी. ई. मेकॅनिकल