रुग्णाची आपबीती व रुग्णाची श्रद्धा : प्रश्नपरीक्षेतील एक उपेक्षित अंग

चिकित्सेच्या चार पादांचे विवेचन करताना चरकाचार्यांनी रुग्णाच्या अंगी चार गुण अपेक्षिले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे स्वतःची व्यथा नीट कथन करता येणे. दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्नपरीक्षा याच गुणावर उभी आहे. परंतु रुग्ण आपली व्यथा सांगू लागला, की ती केवळ लक्षणांची यादी राहत नाही. कोणत्या देवाला नवस बोलला, गळ्यात माळ केव्हा घातली, कोणता पदार्थ आयुष्यभरासाठी वर्ज्य केला, कोणाच्या अंगाऱ्याने गुण आला, हे सर्व त्या कथनात येते. आपण वैद्य त्यातील लक्षणे टिपून घेतो व उरलेले सोडून देतो. गंभीर व्याधीत हे सोडलेलेच पुष्कळदा चिकित्सेच्या आड येते. प्रस्तुत लेखात याच भागाचा विचार करावयाचा आहे.

कासुर्डीच्या परिसरातील उदाहरण

पुणे–सोलापूर महामार्गाने उरुळी कांचन मागे टाकून यवतकडे जाताना दौंड तालुक्यातील कासुर्डी लागते. आषाढवारीत संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवत मुक्कामी जाते, तो हा पट्टा. येथील वैद्याकडे येणाऱ्या रुग्णांत माळकरी असणे, एकादशी करणारे असणे, ही नित्याची गोष्ट आहे. या विषयाचे आपल्या देशातील बहुधा सर्वांत सविस्तर नोंदले गेलेले उदाहरणही कासुर्डीच्या शेजारचेच आहे. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी उरुळी कांचन येथे येऊन राहिले व त्यांनी शेकडो ग्रामस्थांना उपचार सांगितले. सूर्यस्नान, कटिस्नान, फळे, ताक आणि या सर्वांच्या अग्रभागी रामनाम, असे त्या उपचारांचे स्वरूप होते. त्यातूनच तेथील निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. पुढे मणिभाई देसाई यांनी तो वाढविला, आणि स्वतः क्षयातून उठलेल्या बाळकोबा भावे यांनी तेथे सेवा केली.

रामनाम हेच श्रेष्ठ औषध, असे गांधीजींचे ठाम धार्मिक मत होते. त्याच वेळी त्यांनी स्वतःच्या व निकटवर्तीयांच्या आजारांची हकीकतही आडपडदा न ठेवता सांगितली. त्यामुळे श्रद्धा आणि गंभीर व्याधी समोरासमोर आल्यावर प्रत्यक्षात काय घडते, हे आपणांस त्यांच्या कथनातून पाहता येते.

व्रताचे नेमके स्वरूप

१९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत असताना गांधीजींचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे कूट व लिंबू असा होता. अग्नी मंदावलेला असतानाच एका सणाच्या दिवशी त्यांनी तेलातील गोड लापशी व मूग भरपेट खाल्ले आणि तीव्र प्रवाहिका झाली. निदानाच्या अभ्यासकास यात अधिक सांगणे नको. त्यांनी प्रथम औषध नाकारले. शरीर इतके क्षीण झाले, की आपला अंत जवळ आला असे त्यांना वाटले. दूध घ्यावे, असा सर्वांचा आग्रह होता. परंतु दूध न घेण्याचे व्रत त्यांनी १९१२ पासून दक्षिण आफ्रिकेत धरले होते.

पुढे मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. दलाल यांनी त्यांना तपासले. दुधावाचून शरीर भरून येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. व्रताचा अडसर पुढे येताच डॉक्टर रागावले नाहीत व त्यांनी वादही घातला नाही. तुमच्या व्रताचे नेमके स्वरूप काय, एवढेच त्यांनी विचारले. गाई-म्हशींचे दूध काढताना त्यांच्यावर होणारे क्रौर्य कळल्यामुळे आपण दूध सोडले, असे गांधीजींनी सांगितले. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, की मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. डॉक्टरांनी तो धागा तत्काळ उचलला. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले, प्रकृती सावरली व शस्त्रकर्मही पार पडले. व्रताचे शब्द राहिले, परंतु त्याचा आत्मा गेला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदविली आहे. ती प्रांजळ आहे. मात्र चिकित्सकाच्या दृष्टीने येथे घेण्यासारखा पाठ निराळा आहे. व्रत मोडा, असे सांगून जे साधले नसते, ते व्रताचे स्वरूप विचारल्याने साधले.

जेथे मधली वाट नसते

प्रत्येक व्याधीत शेळीचे दूध सापडत नाही. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कारावासात गांधीजींना आंत्रपुच्छाचा शोथ झाला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले व १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रकर्म केले. त्यापूर्वी धोका स्पष्टपणे सांगण्यात आला होता व गांधीजींनी लेखी संमती दिली होती. त्यापूर्वी ‘हिंद स्वराज्य’ (१९०९) या पुस्तकात डॉक्टरी पेशावर कठोर टीका करणारे तेच गांधीजी होते. मे १९४७ मध्ये पाटण्यात मनूबहेन गांधी यांना तोच व्याधी झाला. आरंभी निसर्गोपचार करून पाहिले. उपशय मिळेना तेव्हा गांधीजींनी शस्त्रकर्मास अनुमती दिली. रामनामावरील त्यांची निष्ठा याने ढळली नाही, परंतु रुग्णाचा जीव त्या निष्ठेच्या कसोटीला लावला गेला नाही.

आपल्या व्यवसायाला सर्वांत जवळचा प्रसंग १९४४ मधील आहे. पुण्यातील आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबांची इच्छा आयुर्वेदीय चिकित्सेची होती. लाहोरचे वैद्य शिव शर्मा यांना बोलावण्यात आले. रात्री आत राहण्यास परवानगी नसल्याने ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत, म्हणजे हाक येताच रुग्णाजवळ जाता यावे. आपले उपाय चालत नाहीत, हे लक्षात येताच त्यांनी चिकित्सेची सूत्रे पुन्हा डॉ. सुशीला नायर व डॉ. गिल्डर यांच्याकडे सोपविली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. रुग्णाच्या इच्छेचा मान राखणे आणि आपली मर्यादा वेळेवर मान्य करणे, या दोन्ही गोष्टी एकाच वैद्याने केल्याचे हे उदाहरण आहे.

चिकित्सालयात काय करावे

१. श्रद्धेची नोंद आरंभीच करावी. आहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांप्रमाणेच व्रते, उपवास व वर्ज्य पदार्थ रुग्णपत्रिकेत लिहावेत. माळकरी रुग्णास मांसरस चालत नाही, पुष्कळांना लसूणही नको असतो. जैन रुग्ण मधाचे अनुपान नाकारू शकतो. स्वयंजनित मद्यार्कामुळे काही मुस्लिम व काही वारकरी रुग्ण आसव-अरिष्टे घेत नाहीत. असा रुग्ण तोंडावर नकार देत नाही. बाटली घरी नेतो व फडताळात ठेवतो. अनुपान बदलणे, अरिष्टाऐवजी क्वाथ वा वटी देणे, ही आपली ‘शेळीच्या दुधाची’ वाट होय.

२. व्रताचे स्वरूप विचारावे. एकादशीचा उपवास म्हणजे निर्जळी, की साबुदाणा व शेंगदाणे? मधुमेही रुग्णाच्या बाबतीत दोन्हींचे धोके भिन्न आहेत. इन्सुलिन वा रक्तशर्करा उतरविणारी गोळी चालू असता उपाशी राहिल्यास शर्करा धोकादायक रीतीने खाली येते. रमजानच्या रोज्यातही हाच विचार करावा. मात्रा व वेळ रुग्णाच्या मूळ चिकित्सकाशी बोलून उपवासापूर्वीच ठरवावी.

३. मधली वाट नसेल तेथे स्पष्ट बोलावे. आंत्रपुच्छाचा शोथ, छातीत दाटून येणारी वेदना, रक्तस्राव, थुंकीत सिद्ध झालेला क्षय, यांत अंगारा वा अनुष्ठान संपेपर्यंत थांबू नये. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय या तिन्ही चिकित्सा चरकाचार्यांनी एकत्र सांगितल्या आहेत; एकीसाठी दुसरी थांबविण्यास सांगितलेले नाही. ‘देवाचे चालू ठेवा, आणि आजच रुग्णालयात जा’, हे वाक्य रुग्णाला समजते. क्षयरुग्णाची शासकीय नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, हेही विसरू नये.

४. वैद्याने स्वतःचे धार्मिक मत रुग्णावर लादू नये. रुग्णाच्या देवाची चेष्टा करणारा वैद्य व आपला देव त्याच्या गळ्यात बांधणारा वैद्य, दोघेही रुग्णाचे ज्ञापकत्व नष्ट करतात. पुढच्या खेपेस तो रुग्ण निम्मेच सांगतो.

औषधी विक्रेत्यांसाठी

बरे झालेल्या रुग्णाची आपबीती दुकानात सर्वांत लवकर पसरते. ती सांगणारा मनुष्य बहुधा प्रामाणिक असतो. परंतु त्याची हकीकत हे औषधाचे प्रमाण नव्हे. रोगनिदानाची कागदपत्रे होती काय, त्याच काळात अन्य औषध चालू होते काय, उपशय किती दिवस टिकला, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्याला गुण आला नाही तो सांगायला दुकानात परत येत नाही, हेही ध्यानी घ्यावे. कर्करोग, मधुमेह, अपस्मार, क्षय अशा व्याधी बऱ्या होतील, अशी औषधाची जाहिरात करणे औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये निषिद्ध आहे. ताईत, मंत्र, कवच यांच्या तशा जाहिरातीही त्यात येतात. म्हणून अशा हकीकतींचे फलक दुकानात लावू नयेत. रुग्णाच्या अनुमतीवाचून त्याचे नाव तर कोठेही घेऊ नये.

सारांश

आपबीती हे रुग्णाच्या मनाचे व प्रकृतीचे उत्तम ज्ञापक आहे. औषधाच्या गुणाचे ते दुबळे प्रमाण आहे. श्रद्धेचेही तसेच आहे. तिच्याशी भांडून रुग्ण हातचा जातो, आणि तिच्यामागे लपून रुग्णाचा जीव जातो. या दोहोंमधील वाट बहुधा एका साध्या प्रश्नाने उघडते : आपल्या व्रताचे नेमके स्वरूप काय? हा प्रश्न आपल्या रुग्णपत्रिकेत छापील असावा, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.