रात्रीचा दिवा कोणाच्या विजेवर?

गच्चीवर सौर पॅनेल बसविली, की महिन्याचे वीजबिल पुष्कळ खाली येते. काही घरांत तर जवळजवळ शून्यावर. असे घर पूर्णपणे स्वतःच्या विजेवर चालते, असे अनेकांना वाटते. मग विद्यार्थी मित्रांनो, सूर्य मावळल्यावर त्या घरातला दिवा कोणत्या विजेवर पेटतो?

प्रथम पॅनेलचे काम पाहू. त्यात सिलिकॉनचे पातळ सौरघट एकमेकांना जोडलेले असतात. त्यांवर प्रकाश पडला, की सिलिकॉनमधील काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि दिष्ट प्रवाह वाहू लागतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली दाखविण्यात आलेला सौरघट प्रकाशऊर्जेच्या सुमारे ६ टक्के भागाचे विजेत रूपांतर करीत असे. आजची पॅनेल सुमारे २० टक्के भागाचे करतात. घरात प्रत्यावर्ती प्रवाह लागतो, म्हणून मध्ये इन्व्हर्टर बसवावा लागतो.

आता हिशेब करू. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. समजा, एका कुटुंबाला दिवसाला ४ युनिट लागतात. महाराष्ट्रात १ किलोवॅट क्षमतेची पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतात. आकडा जुळला, पण वेळ जुळली का? दिवसा घरात माणसे कमी. तेव्हा १ युनिट खर्च झाले असे धरू. उरलेली ३ युनिट तारांतून बाहेर जातात आणि रात्री ३ युनिट तारांतूनच घरात येतात. नेट मीटर दोन्ही मोजतो. वजाबाकी शून्य येते.

गैरसमज होतो तो येथेच. मीटरमध्ये वीज साठत नाही, तारांतही साठत नाही. आपण बटण दाबतो त्याच क्षणी कोठेतरी तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. आपली दुपारची ३ युनिट शेजारपाजारच्या पंख्यांनी दुपारीच वापरली. रात्रीची ३ युनिट दुसरीकडून आली.

ती कोठून? चंद्रपूर, कोराडी येथील औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून वाफ करतात; वाफेने टर्बाइन आणि टर्बाइनने जनित्र फिरते. कोयनेला हेच काम पाणी करते. तारापूरला अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ तयार होते. सगळ्यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. तरी यात मोठा वाटा कोळशाचा आहे. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. तीन युनिट पूर्णपणे कोळशाची धरली, तर रात्रीमागे दोन किलो कोळसा झाला!

मग पॅनेल व्यर्थ का? मुळीच नाही. दुपारी आपण दिलेल्या विजेमुळे तेवढाच कोळसा वाचला. परंतु प्रत्येक गच्चीवर पॅनेल आली, तर दुपारी वीज नको इतकी होईल आणि दिवेलागणीला कमी पडेल. कोळशाची भट्टी घडीघडी विझवून पेटविता येत नाही. थंड झालेला बॉयलर पुन्हा तापायला कित्येक तास लागतात. पाण्याचे टर्बाइन मात्र काही मिनिटांत सुरू होते. म्हणून सह्याद्रीतील घाटघर येथे जादा विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवितात आणि मागणी वाढली, की खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतात. यात दर चार युनिटांमागे सुमारे तीनच परत मिळतात. बॅटरीतही काही ऊर्जा वाया जातेच. साठवणीची किंमत मोजावी लागते ती अशी.

साठवणीपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे कामाची वेळ बदलणे. पुढील आठवडाभर रोज सकाळी ६ व संध्याकाळी ६ वाजता घरच्या मीटरवरील आकडा वहीत लिहा. मीटरला हात लावू नका. तुमच्या घरी रात्री किती युनिट लागतात? पाण्याचा पंप, इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र यांपैकी काय दुपारी चालविता येईल? शिक्षकांनी सर्वांचे आकडे फळ्यावर मांडून वर्गाची सरासरी काढून घ्यावी.