पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

प्रश्न : आमचा डेस्कटॉप सात-आठ वर्षांचा आहे. पावसाळ्यापासून कधी कधी बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच राहतो. दोन-तीनदा बंद-चालू केलं की सुरू होतो आणि मग दिवसभर त्रास देत नाही. दुकानात नेला की मात्र पहिल्याच झटक्यात चालू! मदरबोर्ड बदला म्हणतात. खरंच बदलावा लागेल का?
– एक वाचक, भरे (ता. मुळशी, जि. पुणे)

उत्तर : इतक्यात बदलू नका. अधूनमधून होणारा बिघाड कधी होतो, यावरूनच त्याचं मूळ सापडतं. म्हणून पुढच्या वेळी पडदा काळा राहिला, की घाईने बंद-चालू करू नका. मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक आतून सुरू झाला आहे; दोष मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्डाकडे शोधा. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा, शक्य झाल्यास दुसरी लावून पाहा.

दिवा लागत-विझतच नसेल, तर संगणक सुरुवातीच्या स्व-तपासणीतच अडकला आहे. पंखा फिरतो म्हणजे फक्त १२ व्होल्टचा पुरवठा पोहोचतो आहे, एवढंच कळतं. प्रोसेसर आणि रॅम ठीक आहेत, असा त्याचा अर्थ नव्हे.

पहिला संशय रॅमवर घ्या. मुळशीच्या पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे दमट असते. धूळ आणि ओल मिळून रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पातळ थर धरतो आणि संपर्क कधी होतो, कधी तुटतो. दुकानात नेताना गाडीवर बसलेल्या हादऱ्यांनीही तो तात्पुरता जुळू शकतो. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग रॅम कडांना धरून बाहेर काढा. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. खोडरबर सर्रास वापरतात, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो. पूर्ण वाळल्यावर रॅम खटका बसेपर्यंत दाबा. दोन रॅम असतील, तर एकेक लावून काही दिवस वापरा.

दुसरा संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की तो मदरबोर्डला तसा इशारा देतो, मानकानुसार १०० ते ५०० मिलिसेकंदांत. त्यातले कपॅसिटर वयोमानाने सुकतात आणि गारठ्यात आणखी मंदावतात. मग सकाळी पहिल्यांदा वीजपुरवठा डळमळतो. दोन-तीन प्रयत्नांत ते जरा तापले की काम सुरळीत होतं. तुमचा त्रास सकाळीच होत असेल आणि दुपारी रीस्टार्ट केल्यावर कधीच होत नसेल, तर हाच संशय बळावतो. ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस चार दिवस लावून पाहा. मदरबोर्डवरच्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं.

तिसरी, स्वस्तातली तपासणी म्हणजे बोर्डवरचा सीआर २०३२ सेल. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं, की मदरबोर्डचं घड्याळ आणि काही बोर्डांवर सेटिंगही या ३ व्होल्टच्या सेलवरच टिकतात. तारीख-वेळ वारंवार चुकत असेल, तर तो बदलून टाका. घरातल्या अर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घ्या आणि संगणक सैल एक्स्टेंशनऐवजी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत नोंद ठेवा : तारीख, वेळ, पहिल्यांदा सुरू केला की रीस्टार्ट, पाऊस होता का, बीप वाजली का. रॅम नसल्याचा बीपचा इशारा अनेक मदरबोर्डांवर वेगळा असतो. तो कसा वाजतो, ते मॅन्युअलमध्ये पाहा. ही वही दुकानदाराला दाखवलीत, तर तिथे संगणक नीट सुरू झाला तरी तपास कुठून करायचा, हे त्याला कळेल.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतभार राहू शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. डिस्प्ले न येण्याने हार्ड डिस्कमधली माहिती सहसा जात नाही, पण सारखं बटण दाबून बंद केल्याने ती खराब होऊ शकते. तेव्हा संगणक पुढच्या वेळी नीट सुरू झाला, की आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.