ब्रिटनमध्ये गाडीची एमओटी : तारीख कशी सांभाळायची, खर्च किती धरायचा?

ब्रिटनमध्ये मोटारीच्या एमओटी चाचणीची कमाल फी ५४.८५ पौंड आहे. तीच चाचणी चुकवून गाडी रस्त्यावर आणली, तर दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. आपला खर्च यातल्या कोणत्या आकड्याजवळ राहील हे बहुतेक वेळा गाडीच्या वयावर ठरत नाही, आपण तारीख किती आधी पाहिली यावर ठरतं. स्लाऊ, रेडिंग, लेस्टर, मिल्टन कीन्स अशा गावांत नोकरीसाठी आलेल्या आणि इथे पहिली जुनी गाडी घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. त्यासाठीच हे मार्गदर्शन.

पुण्या-ठाण्यात खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. तोवर पीयूसी आणि विमा चालू ठेवला की आरटीओत गाडी तपासायला न्यावी लागत नाही. त्या सवयीने इथे आलेला माणूस एमओटीला पीयूसीसारखी दहा मिनिटांची धूरतपासणी समजतो. एमओटीत धूर हा अनेकांतला एक मुद्दा आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, काचा, सीटबेल्ट, गंजलेला सांगाडा, नंबरप्लेट हे सगळं त्यात येतं. चाचणीला पाऊण ते एक तास लागतो.

कोणत्या गाडीला, केव्हा?

ही चाचणी १९६० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना होती. पुढच्याच वर्षी ही मर्यादा सात वर्षांवर आली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. ती चार वर्षं करावी का, यावर अलीकडे सरकारने लोकांची मतं मागवली होती. जानेवारी २०२४ मध्ये तीनच वर्षं कायम ठेवण्याचा निर्णय झाला.

म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पहिल्या नोंदणीला तीन वर्षं पूर्ण होण्याआधी पहिली एमओटी आणि त्यानंतर दरवर्षी एक. उत्तर आयर्लंडमध्ये मोटारीची पहिली चाचणी चार वर्षांनी येते आणि ती खाजगी गॅरेजात न होता सरकारी केंद्रात होते. पुढची माहिती पहिल्या तीन प्रदेशांसाठी आहे.

इलेक्ट्रिक गाडीलाही हेच वेळापत्रक लागू आहे, फक्त धुराची तपासणी नसते. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या गाड्यांना चाचणीतून सूट आहे. पण त्या रस्त्यावर चालण्याजोग्या ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहते.

आपल्या गाडीची तारीख कळायला सरकारी संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकणं पुरेसं आहे. एमओटी आणि रोड टॅक्स कधीपर्यंत आहे, दोन्ही लगेच दिसतं. काचेवर पाहून मात्र काही कळणार नाही. टॅक्सची कागदी चकती ऑक्टोबर २०१४ मध्येच बंद झाली आणि एमओटीचं स्टिकर नसतंच. पोलिसांचे कॅमेरे नंबरप्लेट वाचून माहिती काढतात.

एक महिन्याची सवलत

नियमांमधला सगळ्यात उपयोगी नियम हा. मुदत संपण्याच्या एक महिना वजा एक दिवस आधीपासून चाचणी करून घेतली, तर जुनी तारीख कायम राहते. समजा, एमओटी २० ऑक्टोबर २०२६ ला संपते. तुम्ही २१ सप्टेंबर २०२६ किंवा त्यानंतर चाचणी केली, तर नवं प्रमाणपत्र २० ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालेल. लवकर गेल्याने एकही दिवस वाया जात नाही.

म्हणून या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलीच वेळ घ्या. गाडी नापास झाली तर दुरुस्तीला, दोन-तीन ठिकाणी भाव विचारायला आणि सुटा भाग मागवायला हाताशी आठवडे असतात. शेवटच्या दिवशी नापास झालेल्या गाडीच्या मालकाला समोरचं गॅरेज सांगेल तो भाव द्यावा लागतो.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये आधीच वेळ घ्या. नंबरप्लेटवरचा वर्षदर्शक आकडा याच दोन महिन्यांत बदलतो, त्यामुळे नव्या गाड्यांची नोंदणी तेव्हा जास्त होते आणि पुढे एमओटीची गर्दीही त्याच महिन्यांत होते.

तारीख विसरायची धास्ती असेल, तर डीव्हीएसए या सरकारी संस्थेची फुकट आठवण-सेवा आहे. फोन नंबर किंवा ईमेल दिला की मुदतीच्या एक महिना आधी संदेश येतो. तोवर चाचणी झाली नसेल, तर दोन आठवडे आधी पुन्हा येतो.

भारतात जाताना

शाळांना सुट्टी लागली की जुलै-ऑगस्टमध्ये महिना-दीड महिना घरी जाणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्या काळात एमओटी संपत असेल, तर निघण्याआधी विचार करा. मुदत संपलेली गाडी चालवता तर येत नाहीच, पण सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. स्वतःच्या ड्राइव्हवेत किंवा गॅरेजात चालते. विमानतळाच्या पार्किंगमध्ये ठेवलेल्या गाडीची मुदत दरम्यान संपली, तर परतल्यावर ती तशीच घरी आणता येणार नाही. मुदत संपल्यावर गाडी न्यायची मुभा दोनच ठिकाणी असते : आधी वेळ ठरवलेल्या चाचणीला किंवा दुरुस्तीला.

अशा वेळी महिन्याची सवलत सोडून द्यावी लागली तरी चालेल. मुदत १० ऑगस्टला आणि तुमचं विमान ८ जुलैचं असेल, तर ५ जुलैला चाचणी करून टाका. नवी मुदत पुढच्या वर्षी ४ जुलैला संपेल, म्हणजे महिन्याभराचं नुकसान. पैशात मोजलं, तर ते चाचणीच्या फीच्या दहाव्या हिश्श्याएवढं आहे. ते सोसून निर्धास्त जाणं केव्हाही बरं.

फी किती?

सरकारने ठरवलेली ही कमाल फी आहे. यापेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही आणि हिच्यावर व्हॅट लागत नाही.

- मोटार, आठ प्रवासी आसनांपर्यंत : ५४.८५ पौंड
- मोटरहोम : ५४.८५ पौंड
- ३,००० ते ३,५०० किलो वजनाची मालवाहू व्हॅन : ५८.६० पौंड
- मोटारसायकल : २९.६५ पौंड
- साइडकारसह मोटारसायकल : ३७.८० पौंड

कमी घ्यायला मनाई नाही, त्यामुळे अनेक गॅरेज बरीच सूट देतात. सूट वाईट नाही, पण स्वस्त चाचणीमागे दुरुस्तीचं काम मिळवण्याचा हिशेब असू शकतो, हे ध्यानात ठेवा. काही नगरपालिकांची स्वतःची चाचणी केंद्रं सामान्य लोकांसाठीही खुली असतात आणि त्यातली बरीच केंद्रं दुरुस्ती करत नाहीत. दोष काढून ज्यांना काही मिळवायचं नाही, त्यांच्याकडून गाडी तपासून घ्यायची असेल तर आपल्या भागात असं केंद्र आहे का, ते पाहा.

अधिकृत केंद्रावर तीन त्रिकोणांची निळी पाटी असते. चाचणी पाहायचा तुम्हाला हक्क आहे, मात्र नेमून दिलेल्या जागेतून आणि तपासनिसाच्या कामात व्यत्यय न आणता.

जाण्याआधी घरी अर्धा तास

नापास होण्याची कितीतरी कारणं क्षुल्लक असतात आणि घरच्या घरी सापडतात.

- सगळे दिवे लावून गाडीभोवती फिरा. ब्रेकचे दिवे पाहायला घरच्या कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. नंबरप्लेटवरचा छोटा दिवा विसरू नका.
- टायरची नक्षी मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत, पूर्ण घेराभर किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं धरा. कडेची पट्टी बाहेर दिसत असेल, तर टायर बदलायची वेळ आलेली असू शकते.
- वायपरचं रबर आणि काच धुण्याचं पाणी पाहा. टाकी रिकामी असेल तर एवढ्यावरही गाडी नापास होऊ शकते.
- चालकाच्या समोरच्या २९० मिलिमीटरच्या पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठा टवका चालत नाही. वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात मर्यादा ४० मिलिमीटरची आहे.
- डॅशबोर्डवरच्या गणपतीला कुणाची हरकत नाही. पण आरशाला लटकवलेल्या माळा किंवा काचेवरचा फोन-स्टँड चालकाची दृष्टी अडवत असेल, तर ते चाचणीआधी काढून ठेवा.
- हॉर्न वाजवा, प्रत्येक सीटबेल्ट झटका देऊन पाहा. मागच्या सीटवर सामान पडलं असेल तर उचला.
- इंजिन, एअरबॅग किंवा एबीएसचा इशारा-दिवा जळत असेल, तर आधी त्याचं कारण शोधा. तो दिवा जळता ठेवून गाडी पास होणार नाही.

बल्ब आणि वायपरचा खर्च थोडक्या पौंडांत भागतो. हेच काम नापास झाल्यावर केलं, तर मजुरी आणि दुसरी खेप वाढते.

नापास झाली तर

मे २०१८ पासून दोषांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ‘डेंजरस’ म्हणजे धोकादायक : गाडी नापास आणि दुरुस्तीशिवाय चालवायची नाही. ‘मेजर’ म्हणजे गंभीर : गाडी नापास. ‘मायनर’ म्हणजे किरकोळ : पास, पण लवकर दुरुस्त करा. ‘ॲडव्हायजरी’ म्हणजे पुढे दोष होऊ शकेल अशा गोष्टीची सूचना.

जुन्या एमओटीची मुदत शिल्लक असेल आणि यादीत ‘डेंजरस’ काही नसेल, तर गाडी घेऊन जाता येते आणि दुसरीकडे दुरुस्त करून घेता येते. एरवी दुरुस्ती झाल्याशिवाय ती चालवता येत नाही. धोकादायक स्थितीतली गाडी चालवल्याबद्दल २,५०० पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर तीन पॉइंट आणि गाडी चालवायला बंदीही होऊ शकते. गाडी उचलून न्यायला पैसे मोजावे लागले तरी ते मोजा. हा नियम तुमच्यासाठी आहे तितकाच समोरून येणाऱ्या माणसासाठीही आहे.

फेरचाचणीचा हिशेब असा :

- गाडी त्याच केंद्रात दुरुस्तीला ठेवली आणि कामाच्या दहा दिवसांत पुन्हा तपासली, तर अंशतः फेरचाचणी फुकट.
- गाडी घेऊन गेलात आणि पुढच्या कामाच्या दिवसाअखेर त्याच केंद्रात आणलीत, तर दिवे, आरसे, वायपर, टायर, सीटबेल्ट, हॉर्न, नंबरप्लेट अशा ठरावीक दोषांसाठी फेरचाचणी फुकट.
- गाडी नेली पण कामाच्या दहा दिवसांत परत आणली, तर अंशतः फेरचाचणीची फी, कमाल फीच्या अर्ध्यापर्यंत.
- त्यानंतर किंवा दुसऱ्या केंद्रात गेलात, तर पूर्ण चाचणी आणि पूर्ण फी.

निकाल चुकीचा वाटला तर दुरुस्ती करू नका. चाचणीपासून कामाच्या १४ दिवसांत व्हीटी१७ अर्ज भरून डीव्हीएसएकडे दाद मागता येते. फेरतपासणीची पूर्ण फी आधी भरावी लागते. तुमचं म्हणणं खरं ठरलं, तर ती पूर्ण किंवा काही अंशी परत मिळते.

जुनी गाडी घेताना

नवीन आलेल्यांनी एमओटीचा सगळ्यात मोठा फायदा इथे करून घ्यावा. नंबरप्लेट टाकली की २००५ पासूनच्या चाचण्यांचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो : कधी पास, कधी नापास, कशामुळे, कोणत्या सूचना आणि प्रत्येक वेळी गाडी किती मैल धावली होती. मैलांचा आकडा मध्येच कमी झालेला दिसला, तर तो सौदा सोडा. तीन वर्षं ओळीने गंजाची सूचना असेल आणि विकणारा तिच्याविषयी गप्प असेल, तर किमतीत तो खर्च धरा. गाडी पाहायला जाण्याआधी या नोंदी वाचा.

मालक बदलला तरी एमओटी गाडीबरोबर येते, तिची तारीख बदलत नाही. रोड टॅक्स मात्र नव्या मालकाकडे येत नाही. तो गाडी घरी चालवत नेण्याआधी स्वतः भरावा लागतो आणि चाचणी लागू असलेल्या गाडीला एमओटी नसेल तर तो भरता येत नाही. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी यूलेझ या तिथल्या कमी-प्रदूषण क्षेत्राचे निकष वेगळे तपासावेत. एमओटी पास झालेल्या जुन्या डिझेल गाडीलाही तिथे रोज १२.५० पौंड आकार पडू शकतो.

‘बारा महिन्यांची एमओटी’ अशी जाहिरात वाचून पूर्ण विश्वास टाकू नका. प्रमाणपत्र चाचणीच्या दिवशीची स्थिती सांगतं. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था त्यात तपासलीच जात नाही. सर्व्हिसिंग वेगळं आणि त्याचा खर्चही वर्षाच्या हिशेबात वेगळा धरायला हवा.

वर्षाचं नियोजन

एमओटीसाठी ५५ पौंड ठरवून ठेवा आणि टायर-ब्रेकसाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका. गेल्या वर्षीच्या ‘ॲडव्हायजरी’ आज काढून वाचा, कारण यंदाचा खर्च बहुधा त्यातच लिहिलेला असतो. मुदतीच्या महिनाभर आधीची वेळ ठरवा आणि घरातल्या दोघांच्या कॅलेंडरवर टाका. ज्या गाडीतून आपली मुलं शाळेत जातात, तिचे ब्रेक आणि टायर वर्षातून एकदा जाणत्या माणसाने पाहावेत, यासाठी ५५ पौंड ही फार मोठी रक्कम नाही.