साहेब बदलतात, शिकलेले मागे राहते का?



तालुक्याच्या कचेरीत कधी तरी एखादा चांगला साहेब येतो. नोंदी वेळेवर होतात, अर्जाला उत्तर मिळते, म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची मिळते. आपण म्हणतो, "साहेब देवमाणूस आहे." मग एक दिवस बदलीचा हुकूम येतो. हारतुरे होतात, फोटो निघतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत कचेरी पुन्हा पहिल्यासारखी! नवा साहेब पहिल्यापासून सुरुवात करतो. मधल्या काळात हेलपाटे कोणाला? तुम्हा-आम्हाला.

बदली व्हायचीच. महाराष्ट्रात २००५ साली बदल्यांचा कायदा झाला, त्यात एका जागेवरचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा धरला आहे. तेव्हा प्रश्न बदलीचा नाही. एका अधिकाऱ्याला काम करता करता जे उमगले, ते शेजारच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याला कळते का, आणि तो गेल्यावर मागे राहते का, हा खरा प्रश्न आहे. त्याचा अभ्यास करण्यासारखी दोन उदाहरणे आपल्याच राज्यात घडली आहेत.

पहिले उदाहरण : नगरची कचेरी

ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखानदारीचे रोप लागले, त्याच अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत श्री. अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. कचेरीत वर्षानुवर्षांचे कागद साठलेले. हवी ती फाईल सापडणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. त्यांनी कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन दप्तर निवडायला काढले. नियमाने जे नष्ट करायचे ते नष्ट केले, ठेवायचे ते वर्गवारी करून लावले. बसण्याची व्यवस्था बदलली आणि कोणी कोणते काम कसे करायचे ते लिहून काढले.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. काम लिहून ठेवले म्हणजे ते एका माणसाच्या डोक्यात अडकून पडत नाही. दुसऱ्याला ते वाचता येते, येऊन पाहता येते, आपल्या कचेरीत करून बघता येते. म्हणून तर ही पद्धत 'लखिना पॅटर्न' या नावाने नगरबाहेर गेली.

टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची रीतही महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत रुळलेली आहे. प्रलंबित प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणे, ठरावीक मुदतीची विवरणपत्रे, कायमचे आदेश, दप्तरखान्यात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद, असे ते सहा गठ्ठे. २०१७ साली पुणे विभागाचे आयुक्त श्री. चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' म्हणजे शून्य प्रलंबितता हे काम हाती घेतले, तेव्हा त्याचा पाया दप्तराची हीच शिस्त होता. मधे तीसेक वर्षे गेली, किती तरी साहेब बदलले. लिहिलेले आणि दाखवलेले काम टिकते, ते असे.

दुसरे उदाहरण : प्रशिक्षण व भेट योजना

आपल्यातल्या जुन्या मंडळींना ही योजना आठवत असेल. डॅनियल बेनोर या इस्रायली शेतीतज्ज्ञांनी ही पद्धत बांधली आणि जागतिक बँकेच्या मदतीने ती अनेक देशांत गेली. आपल्या देशात १९७४ च्या सुमारास राजस्थानातल्या चंबळ खोऱ्यात तिची सुरुवात झाली. महाराष्ट्रात ती १९८१ च्या सुमारास आली.

पद्धत साधी होती. गावपातळीवरच्या कार्यकर्त्याकडे शेतकऱ्यांचे आठ गट. पंधरवड्यात प्रत्येक गटाला एक ठरलेला वार, त्या वारी भेट व्हायचीच. त्याच पंधरवड्यात त्याचे स्वतःचे प्रशिक्षण. त्याला शिकवणारे विषयतज्ज्ञ महिन्यातून एकदा कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर बसायचे. विद्यापीठातले ज्ञान बांधापर्यंत यावे, आणि बांधावरची अडचण विद्यापीठापर्यंत जावी, हा त्यामागचा हेतू.

पहिली बाजू बरीच जमली. कार्यकर्ता कोणत्या वारी येणार हे शेतकऱ्याला आधी कळू लागले, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. दुसरी बाजू मात्र लंगडी पडली. वरून आलेला संदेश खाली पोचायचा, पण "साहेब, आमच्या चोपण जमिनीत हे चालत नाही" हे खालचे बोलणे वर जाताना वाटेतच जिरायचे. काळ्या रानाला आणि माळाला एकच सल्ला मिळू लागला. निवडलेल्या संपर्क शेतकऱ्यांपासून पुढे बाकीच्यांपर्यंत माहिती झिरपेल हे गणितही सगळीकडे जुळले नाही. बाहेरचा पैसा थांबल्यावर भेटी विरळ झाल्या. पुढे १९९८ नंतर 'आत्मा' योजना आली. तिच्यात जिल्ह्याचा आराखडा शेतकऱ्यांशी बोलून खालून वर करायचा, असे ठरले, ते या अनुभवातूनच.

यातून काय घ्यायचे?

आमच्या मते धडे तीन आहेत.

एक, जे जमले ते लिहून ठेवा आणि दुसऱ्याला नेऊन दाखवा. दोन, बैठकीचा वार ठरलेला असू द्या, आणि मागच्या बैठकीत ठरले त्याचे काय झाले हे पुढच्या बैठकीत पहिल्यांदा विचारा. तीन, शिकणे दोन्ही बाजूंनी चालले पाहिजे. वरचा सांगतो आणि खालचा मान हलवतो, त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत, त्याला हुकूम म्हणतात.

आता आपल्या घरातले पाहू

सरकारी कचेरीला नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या शेतकी खात्याची गट अधिकाऱ्यांची मासिक बैठक कशी चालत होती? सर्व गटांचे आकडे फळ्यावर लिहायचे. लागण नोंद, खोडवा, तोडणी, जळीत ऊस. ज्याचा आकडा कमी त्याला उभे करायचे आणि झाडायचे. याचा परिणाम काय होतो? पुढच्या महिन्यात त्याचा आकडा सुधारतो, पण कागदावर! रानात ऊस तेवढाच असतो. आणि तोडणीचा कार्यक्रम त्या कागदावर बसवला की कोणाचा तरी आडसाली ऊस तुऱ्यावर येऊन उभा राहतो. वजन घटते ते सभासदाचे. यात आम्हीही सामील होतो, हे कबूल केले पाहिजे.

एकदा एका बैठकीत वेगळेच घडले. पाचट न जाळता खोडव्यात ठेवण्याचे काम एका गटात चांगले झाले होते. या वेळी मागे पडलेल्यांना झाडण्याऐवजी पुढे गेलेल्याला विचारले, "तुम्ही हे केले कसे?" तो गट अधिकारी संकोचून म्हणाला, "मी काही व्याख्यान दिले नाही. एका सभासदाच्या रानात दहा-बारा जणांना नेले, पाचट उचलायला लावले आणि खालची ओल हाताने बघायला सांगितली. बाकीचे त्या सभासदानेच सांगितले." बैठक संपली तेव्हा इतर गट अधिकारी त्याच्याभोवती जमले होते. पुढच्या महिन्यात आणखी काही गटांनी तसे दौरे काढले. एका गटाने येऊन सांगितले की आमच्याकडे पाण्याचा निचरा नाही, तिथे हे जसेच्या तसे चालत नाही. हे सांगायला तो भ्याला नाही, याचा आम्हाला जास्त आनंद झाला.

आकडा हवाच. पण आकडा चाबूक म्हणून वापरला की माणूस तो लपवतो, आणि दिवा म्हणून वापरला की वाट दाखवतो.

सभासदांनी काय करावे?

आपण मालक आहोत, नुसते ऊस घालणारे नव्हे. म्हणून गट अधिकारी शिवारात आला की त्याला तीन प्रश्न जरूर विचारा. शेजारच्या गटात या महिन्यात काय नवे जमले? आमची मागची अडचण बैठकीत मांडली का, आणि तिचे उत्तर काय आले? तुमच्या आधीच्या अधिकाऱ्याने काय लिहून ठेवले आहे? हेच प्रश्न वार्षिक सभेत आम्हालाही विचारा. कृषी सहायकाला विचारा, पाटबंधाऱ्याच्या शाखा अभियंत्याला विचारा. पण दरडावून नव्हे, आपुलकीने विचारा. आणि त्याने "नाही जमले" असे खरे सांगितले, तर त्याचा पाणउतारा करू नका. खरे सांगणारा माणूस गप्प झाला की शिकणे तिथेच थांबते.

बेणे चांगले असले तरी ते एकाच बांधावर ठेवून भागत नाही. कांडी दुसऱ्याच्या सरीत गेली पाहिजे, तेव्हा गाव पिकते. अनुभवाचेही तसेच आहे.

आपल्या गटात जमलेली एखादी गोष्ट असेल तर गट ऑफिसात लिहून द्यावी. पुढील अंकात ती अवश्य छापू.