घडी मोडायला हवी होती

धडधाकट कापड फाटताना चर्र असा आवाज होतो. विरलेलं रेशीम तेवढीही दाद देत नाही. वाळलेलं पिंपळपान बोटांत चुरावं, तशी माझी अंजिरी पैठणी त्या दुपारी घडीघडीवर उकलत गेली. समोर साठीच्या एक बाई बसल्या होत्या, लेकीच्या लग्नासाठी जुनी नऊवारी शोधत आलेल्या. त्यांनी अजून साडीला हातही लावला नव्हता. मीच ऐटीत ती उलगडून दाखवत होते.

"किती वर्षं घडी मोडली नव्हती हिची?" त्यांनी हळूच विचारलं.

अकरा. 1988 साली मी ती नाशिकच्या एका वाड्यातल्या आजींकडून घेतली होती. मुंजी, मंगळागौरी, हळदीकुंकू असं करत त्यांनी ती पन्नास वर्षं नेसली होती. देताना त्यांनी एवढंच विचारलं, "नेसणार ना गं?" मी हो म्हटलं, घरी आले, साडी लोखंडी ट्रंकेत ठेवली, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कुलूप लावलं. वापरात पन्नास वर्षं टिकलेली साडी माझ्या जपण्यात अकरा वर्षंही टिकली नाही.

हे वेड मला विशीत लागलं. आमच्या आळीत बोहारीण यायची. स्टीलच्या पातेल्यावर बायका जरीच्या साड्या देऊन टाकायच्या आणि पुढे कुठेतरी त्या जाळून जरीतली चांदी काढली जायची. जुन्या अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. त्यामुळे साडीपेक्षा राखेला भाव! मला ते बघवेना. पहिली साडी वाचवली, दुसरी घेण्यासाठी पहिली विकली, आणि बघता बघता छंदाचा धंदा झाला. चाळीस वर्षांत चुका भरपूर केल्या. मुळाशी जाऊन पाहिलं तर चूक एकच होती. जे आवडलं, ते मी नीट पाहिलं नाही.

घेतानाही तेच झालं. एका व्यापाऱ्याने राघू रंगाची पैठणी समोर टाकली. पदरावर असावलीची वेल, काठाला नारळी. मी पदर पाहिला आणि भाळले. घरी आल्यावर उजेडात धरली, तेव्हा पदर आणि अंग यांच्यामध्ये बारीक टाके दिसले. जुना पदर कापून नव्या साडीला जोडलेला होता. जोडसाडी वाईट असते असं नाही, पण मी अख्ख्या जुन्या साडीचे पैसे मोजले होते.

तेव्हापासून पदर मी सगळ्यात शेवटी बघते. आधी साडी उलटी करायची. पारंपरिक हातविणीच्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीने भरतात आणि शेजारचे धागे एकमेकांत अडकवत नेतात. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ते काम वेगळं, आणि किंमतही वेगळी. मग काठ अंगाला विणीतच जोडला आहे की शिवला आहे ते पाहायचं. शेवटी सगळी साडी खिडकीपुढे धरायची. जिथे उजेड जास्त झिरपतो तिथे रेशीम विरलंय. मोर दिसला म्हणजे जुनी, असं समजू नका, मोर आजही मागांवर सर्रास विणले जातात. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते माल कुठला हे सांगतं, साडीचं वय सांगत नाही.

ठेवण्याचं शिक्षण मला अंजिरी साडीने दिलं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथेच मोडतं, आणि जरीचा भार त्यात भर घालतो. म्हणून दर तीन महिन्यांनी घडी बदला. जमलं तर जाड नळीवर मलमल गुंडाळून त्यावर साडी सैल गुंडाळा. धुऊन खळ काढलेली जुनी मलमल याला उत्तम. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. वर्तमानपत्र नको, रबरबँड तर नकोच. रबरातल्या गंधकाने जरीतली चांदी काळी पडते. गोळ्यांचे डाग कापडावर पडतात, शिवाय त्यांचा वास आपल्याही छातीत जातो. साडी वाऱ्यावर टाका, पण सावलीत. नेसण्याइतकी धड असेल तर जरूर नेसा, मात्र अत्तराचा फवारा तिच्यावर मारू नका आणि खांद्याला पिन टोचू नका.

विकताना तर मी अगदी थोडक्यात वाचले. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला मी मोठ्या तोऱ्यात "शंभर वर्षांपूर्वीची" म्हणून एक साडी कबूल केली होती. पार्सल बांधून तयार होतं. ओळखीचे एक वकील सहज घरी आले होते, ते म्हणाले, "ताई, वय खरं सांगताय ना? मग ही पाठवता येणार नाही." 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. भाव वाढवायला मारलेली थाप मला कोर्टाची पायरी दाखवू शकली असती, आणि थाप नसती तरीही! आता वयाची शंका असली की मी आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करते, पैशांची बोलणी त्यानंतर.

आणखी एक सवय लावून घ्या. साडी ज्यांच्याकडून घेतली त्यांच्यासमोरच वहीत लिहा: कुणाची, कुठली, कोणत्या कार्याला घेतलेली, कुठे रफू केलेलं. हा कागद साडीबरोबर गिऱ्हाइकाला द्या. दोष आधी सांगितला म्हणून माझं गिऱ्हाईक क्वचितच उठून गेलं. लपवलेला दोष सापडल्यावर मात्र कुणी परत आलेलं नाही.

त्या दुपारी बाई काही न घेता गेल्या. अंजिरी पैठणीचा पदर तेवढा वाचला, तो मी सुती कापडावर टाचून घेतलाय. तो विकायचा नाही. कुणी नवखी मुलगी "मावशी, मलाही हा व्यवसाय करायचाय" म्हणत आली की मी आधी तो तिच्या हातात देते. बहुतेकजणी नक्षीचं कौतुक करतात. एखादीच पदर उलटा करून खिडकीकडे नेते. तिला मी चहा विचारते आणि बाकीच्या साड्या बाहेर काढते.